ऑपरेशन नीट झालं, हृदय छान आहे, पण आत्याला विणताना टाके मोजता येत नाहीत

कोवळंऊन:
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. माझी आत्या ७६ वर्षांची आहे, मला तिनेच वाढवलं. अडीच महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, ॲओर्टिक व्हॉल्व्ह म्हणजे हृदयाची एक झडप बदलली आणि त्याच वेळी दोन बायपास केले. सगळं व्यवस्थित पार पडलं, नंतरचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आला, जखम कोरडी आहे, पायावरची सूज गेली. फॉलोअपला गेलो की पाच मिनिटांत 'छान प्रगती आहे' म्हणतात आणि आम्ही बाहेर. आणि ते खोटं नाहीये, तिचं हृदय खरंच छान चाललंय.

पण घरी आलेली आत्या वेगळी आहे.

आयसीयूत दुसऱ्या रात्री तिने मला ओळखलं नाही. 'ही बाई माझ्या खोलीत का आलीय, हिला बाहेर काढा' असं ओरडत होती आणि हातातल्या नळ्या ओढत होती. डिलिरियम आहे, म्हणजे डोक्यातला तात्पुरता गोंधळ, जाईल म्हणाले, आणि चौथ्या पाचव्या दिवशी खरंच गेलं. आम्हाला वाटलं सुटलो. मग घरी आल्यावर हळूहळू लक्षात यायला लागलं की वाक्य सुरू करते आणि मधेच थांबते, शब्द सापडत नाही. गोळ्या घेतल्या का हे तीनदा विचारते. दुपारभर झोपते आणि रात्री जागी. हाका मारल्या तरी कधीकधी लक्षच नसतं. आणि रडते, अगदी बारीकसारीक गोष्टींनी डोळे भरतात, ही बाई मी आयुष्यात दोनदा रडताना पाहिली होती.

सगळ्यात जास्त लागतं ते विणकाम. साठ वर्षं विणतेय ती. गप्पा मारत, सुयांकडे न बघता, मधेच माझा अभ्यास घेत विणायची आणि एक टाका चुकायचा नाही. आता वीस टाके घातले की मोजणी चुकते, उसवते, परत घालते, परत चुकते, आणि तिसऱ्यांदा सुया खाली ठेवून म्हणते डोळे दुखतायत. डोळे दुखत नाहीयेत तिचे, मला माहितीय आणि तिलाही माहितीय.

मी एक चूक केली तेही सांगते. काळजीपोटी रोज तिला विचारायला लागले, आज वार कुठला, सकाळी कोण आलं होतं, अठरातून सात गेले किती. परवा घरात चार माणसं असताना विचारलं. तिने माझ्याकडे अशी नजर केली की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

हे परत येतं का? किती दिवसांत? कोणाला दाखवायचं? हृदयाचे डॉक्टर म्हणतात वयामुळे थोडं होतंच. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिने मला घरातली सगळी कागदपत्रं कुठल्या कप्प्यात आहेत ते तोंडपाठ सांगितलं होतं. एका रात्रीत कोणाचं वय वाढतं?

रात्रपाळी:
मी हृदयाच्या आयसीयूत नर्स आहे, १९ वर्षं झाली. ताई, आधी हे सांगते की तुम्ही जे लिहिलंय ते मी इतक्या वेळा पाहिलंय की वाचताना पुढचं वाक्य काय असेल ते कळत होतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत डिलिरियम खूप होतो, साधारण पहिल्या दोन तीन दिवसांत सुरू होतो, संध्याकाळ झाली की वाढतो, सकाळी माणूस शहाण्यासारखा बोलतो आणि रात्री ओळखत नाही. तुमच्या आत्यांचा आरडाओरडीचा होता म्हणून सगळ्यांना दिसला. दुसरा एक प्रकार असतो त्यात पेशंट गप्प पडून राहतो, त्रास देत नाही, आणि सगळे म्हणतात किती शांत आहेत. तो आम्हाला जास्त हुकतो.

डिलिरियम गेला म्हणजे मेंदू लगेच पूर्ववत झाला असं नसतं. लक्ष लागणं, वेग, एका वेळी दोन गोष्टी धरून ठेवणं हे मागाहून येतं, आठवडे नाही, महिने लागतात. विणताना मोजायचं आणि नमुना लक्षात ठेवायचा हे नेमकं तेच काम आहे, म्हणून तिथे पहिलं दिसलं.

आता दोन गोष्टी विचारते, रागावू नका. एक, त्या सध्या घेतात त्या सगळ्या गोळ्यांची नावं इथे नाही, पण एका कागदावर लिहा, रात्रीच्या, खाजेच्या, सर्दीच्या, पोट साफ होण्याच्या, कोणी शेजारून आणून दिलेल्या, सगळ्या. दोन, त्यांना आधी ऐकायचं मशीन होतं का?

कोवळंऊन:
रात्रपाळी ताई, मशीन होतं. आहे. ॲडमिट व्हायच्या आधी काढून पिशवीत ठेवलं होतं. मी आत्ता उठून बघितलं, अजून त्याच पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे. अडीच महिने. मला काय बोलावं कळत नाहीये.

गोळ्यांमधे एक खाजेची आहे, छातीच्या जखमेभोवती खूप खाज सुटायची म्हणून डिस्चार्जच्या वेळी दिलेली, रात्री एक. ती चालूच आहे, बंद करा असं कोणी म्हटलं नाही.

रात्रपाळी:
स्वतःला दोष देत बसू नका, डिस्चार्जच्या गडबडीत हे रोज होतं, आमच्याकडूनही होतं. मशीन आज लावा, बॅटरी बदलून. ऐकू येत नसलेला माणूस प्रश्न परत विचारतो, उत्तर चुकीचं देतो, आणि बघणाऱ्याला वाटतं विसरला. चष्म्याचंही तसंच.

खाजेच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, क्लोरफेनिरामाईन, हायड्रॉक्सिझीन, डायफेनहायड्रामाईन वगैरे, मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचं काम अडवतात. स्मृती आणि लक्ष त्याच्यावर चालतं. तरुण माणसाला नुसती झोप येते, सत्तरीपुढच्या माणसाला दिवसभर धुक्यात असल्यासारखं होतं. तुमची त्यातलीच आहे का ते मला माहीत नाही, डॉक्टरांना फोन करून नाव सांगा आणि लागते का अजून ते विचारा. मनाने काहीच बंद करायचं नाही, विशेषतः झोपेच्या गोळ्या, त्या एकदम तोडल्या तर उलट गोंधळ वाढतो.

आणि रक्त तपासून घ्या म्हणावं: हिमोग्लोबिन, सोडियम, थायरॉइड, बी१२. लघवी पण. या वयात लघवीचं इन्फेक्शन ताप न येता डोक्यात गोंधळ करतं. सूज उतरायच्या गोळ्यांनी सोडियम खाली जातं. हे सगळं सुधारता येण्यासारखं आहे म्हणून आधी हे बघायचं, वयाचं नाव शेवटी घ्यायचं.

सरळरेघ:
आमच्या मामांचं पण असंच झालं बायपासनंतर. खरं सांगू का, वयाचं आहे, स्वीकारा. कशाला त्या बिचाऱ्यांना परत सुया टोचायच्या.

भिंतीवरचंघड्याळ:
सरळरेघ, तुमचा हेतू चांगला असेल पण मी त्या बिचाऱ्यांपैकी एक आहे म्हणून लिहितो. वय ६८, तीन बायपास, दोन वर्षांपूर्वी. मला कोणी स्वीकारून बाजूला ठेवलं नाही याचे उपकार मी विसरणार नाही.

आतून कसं असतं ते सांगतो. आयसीयूत मला छताच्या जाळीतून मुंग्यांची रांग उतरताना दिसायची, आणि मला पक्कं माहीत होतं की तिथली माणसं मला मारायला ठेवलीयत आणि माझा मुलगा त्यांना सामील आहे. ते स्वप्नासारखं नव्हतं, तुम्ही आत्ता समोर जे बघताय तितकं खरं होतं. बरं झाल्यावर मला ते आठवत होतं, आणि मी मुलाला काय काय बोललो तेही, आणि लाजेने मी कोणाला सांगितलं नाही. चार महिने. कोणी विचारलंही नाही, सगळ्यांना वाटलं विसरले असतील, बरंच झालं. कोवळंऊन, आत्यांना हे आठवतंय का ते एकदा शांतपणे बोलू द्या. तुम्हीच सुरुवात करा, 'त्या रात्री तू घाबरली होतीस ना, तो औषधांचा आणि ऑपरेशनचा परिणाम होता, आम्हाला कोणाला राग नाही' एवढंच. त्या रडण्यामागे हे असू शकतं.

घरी आल्यावर एकच पान चार चार वेळा वाचायचो. दोन माणसं एकदम बोलली की मला दोघांचंही समजायचं नाही, आवाजाची भिंत यायची अंगावर. सकाळी दहापर्यंत मी बराच असायचो, दुपारनंतर डोकं विझायचं. मुलाने एक गोष्ट फार चांगली केली, 'आठवतं का' विचारणं बंद केलं आणि सरळ सांगायला लागला. 'हे अमुक, आपल्या शेजारी राहायचे, आत्ता येतायत.' मी न लाजता बोलू शकायचो. सातव्या महिन्यात मी परत एक आख्खं पुस्तक वाचून संपवलं. नावं अजून अडकतात कधीकधी.

डोंगरवाट:
एक धोक्याची गोष्ट लिहून ठेवतो, कारण आम्ही चुकलो. बाबा ऑपरेशननंतर असेच गोंधळलेले असायचे, आम्हाला सवय झाली होती. विसाव्या दिवशी सकाळी उठले तर बोलणं जड, शब्द उलटसुलट. आम्हाला वाटलं रात्री झोप नाही झाली, आज जरा जास्त आहे, पडू दे. तीन तास पडू दिलं. तो स्ट्रोक होता. ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके अनियमित व्हायला लागले होते, ॲट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, ते बऱ्याच जणांना होतं आणि त्यात हृदयात गुठळी होऊन वर मेंदूत जाऊ शकते.

म्हणून हळूहळू दिसणारं आणि अचानक आलेलं यात फरक करा. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात उचलला जात नाही, बोलणं फिरलं, एका डोळ्याने दिसेना, किंवा काल होता तसा माणूस आज एकदम नाही, तर वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं आणि निघायचं. शेवटचे बरे केव्हा होते ती वेळ डॉक्टर पहिली विचारतात, आम्हाला ती सांगता आली नाही. बाबा आता चालतात, डावा हात कमी चालतो.

तळटीप:
ऑपरेशन चालू असताना हृदय आणि फुफ्फुसाचं काम करतं त्या हार्ट-लंग मशीनमुळे होतं असं म्हणतात ना हे? आईचं ऑपरेशन ठरतंय, मशीन न लावता धडधडत्या हृदयावर करणारे सर्जन शोधावेत का?

फिरतंचाक:
मी तेच मशीन चालवायचो, निवृत्त झालो. उत्तर जरा लांब होईल.

१९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हे मशीन वापरून १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं, ती पहिली यशस्वी वेळ. तेव्हापासून ऑपरेशननंतर काही जणांचं डोकं तितकं चालत नाही हे लोकांनी पाहिलं होतं. आमच्या क्षेत्रात याला पंपहेड असा शब्दच होता, पंप म्हणजे हे मशीन, मला तो कधीच आवडला नाही. समजूत अशी की रक्त मशीनच्या नळ्यांतून जाताना बारीक बुडबुडे, चरबीचे कण मेंदूत जातात. ते जातात हे खरं आहे. त्यात ऑपरेशनमधे रक्तदाब खाली येणं, सगळ्या शरीरात उठणारा दाह, भूल, नंतरच्या जागरणाच्या रात्री.

२००१ मधे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी एक अभ्यास छापला, २६१ बायपासचे पेशंट तपासून ते ५ वर्षं मागे लागून राहिले होते. घरी जाताना ५३ टक्क्यांची बुद्धीची चाचणी आधीपेक्षा खालावलेली होती, ६ आठवड्यांनी ३६, ६ महिन्यांनी २४ टक्के. म्हणजे बरेच जण सावरतात हे त्यातच दिसतंय. पण ५ वर्षांनी परत ४२. तो शेवटचा आकडा वाचून सगळे हादरले आणि दोष मशीनवर आला. नंतर अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी बायपास झालेल्यांची तुलना हृदयरोग आहे पण ऑपरेशन झालं नाही अशांशी केली, तर काही वर्षांनी दोघांची घसरण साधारण सारखीच. म्हणजे ज्या आजाराने हृदयाच्या नळ्या खराब केल्या तोच मेंदूच्याही करतो. आणि मशीनविना ऑपरेशनच्या मोठ्या चाचण्यांत बुद्धीच्या बाबतीत लोकांना अपेक्षित होता तसा फायदा दिसला नाही.

तेव्हा तुमच्या आईसाठी त्यावरून सर्जन निवडू नका. कुठली पद्धत हे त्यांच्या हृदयाच्या नळ्या बघून ठरू दे. तुमच्या हातात आहे ते हे: ऑपरेशनआधीच स्मृतीची छोटी चाचणी करून नोंद ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येते, नाहीतर कोवळंऊन यांच्यासारखं कोणी मान्यच करत नाही. चष्मा, ऐकायचं मशीन, कवळी आयसीयूत पहिल्या दिवशी पोचवा. आणि भूलतज्ज्ञांना आधी झालेला गोंधळ, दारू, झोपेच्या गोळ्या सगळं खरं सांगा.

२०१८ मधे याची नावंही बदलली. पहिल्या ३० दिवसांत जे राहतं त्याला उशिराने होणारी सुधारणा असंच म्हणतात, ३० दिवसांनंतर १२ महिन्यांपर्यंत टिकलं तर त्याला आजाराचं नाव देतात. आत्या अजून त्या वर्षाच्या पहिल्या चतुर्थांशात आहेत.

मावळतीचीखिडकी:
इथे सगळे धीर देतायत आणि ते बरोबरच आहे, पण माझ्या नवऱ्याचं परत आलं नाही, तेही कोणीतरी लिहायला हवं. ७९ वर्षांचे होते तेव्हा. सहा महिने आम्ही वाट बघितली, वर्षभर बघितली, मग मेंदूच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. तेव्हा मागचं आठवलं. ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी ते दोनदा रोजच्या रस्त्यावर चुकले होते, मी दमले असतील म्हणून सोडून दिलं. सुरुवात आधीच झालेली होती, ऑपरेशनने फक्त पडदा बाजूला केला.

मला कोणी विचारतं ऑपरेशन केल्याचा पश्चात्ताप होतो का. नाही. त्याआधी चार पायऱ्या चढून ते धापा टाकत बसायचे आणि आडवं झोपता यायचं नाही. आता माझं नाव कधी सांगता येत नाही पण माझा हात धरून बागेत फिरतात. कोवळंऊन, सहा महिन्यांनी जर चढण दिसत नसेल तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, घाबरून नाही, लवकर कळलं तर कागदपत्रं, पैशांचे व्यवहार त्यांच्याशी बोलून ठरवता येतात. आम्हाला ते जमलं नाही, उशीर झाला.

रात्रपाळी:
मावळतीची ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

कोवळंऊन, एक वही करा. रोज दोन ओळी. झोप किती, चालणं किती मिनिटं, दुपारी किती झोपल्या, आज काय स्वतःहून केलं. चुका लिहू नका, केलेलं लिहा. रोज बघणाऱ्याला सुधारणा दिसत नाही. आणि मन उदास आहे का ते डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारा, हृदयाच्या ऑपरेशननंतर नैराश्य खूप जणांना येतं, ते विसरल्यासारखंच दिसतं आणि त्याला उपचार आहेत. कार्डियाक रिहॅबला, म्हणजे ऑपरेशननंतर देखरेखीखाली व्यायाम करून घेतात तिथे, नाव घातलंय ना? छातीचं हाड नीट जुळायला साधारण तीन महिने लागतात, तोवर वजन उचलायचं, ढकलायचं, हातावर जोर देऊन उठायचं नाही, पण चालणं मात्र रोज वाढवायचं. दिवसा उजेडात चाललं की रात्रीची झोपही जागेवर येते.

कोवळंऊन:
आज दीड महिन्याने लिहितेय, उत्तरं सगळी परत वाचली.

ऐकायचं मशीन लावलं त्या दिवशीच फरक पडला, हाकेला ओ यायला लागली. खाजेची गोळी त्याच प्रकारची निघाली, डॉक्टरांनी बंद केली आणि अंगाला लावायचं मलम दिलं. रक्तात हिमोग्लोबिन बरंच कमी होतं, लोह सुरू झालंय. आठ दहा दिवसांनी ती दुपारी जागी राहायला लागली. सगळं धुकं गेलं असं नाही सांगणार, शब्द अजून अडकतात आणि नवीन माणसाचं नाव दुसऱ्या दिवशी राहत नाही.

घड्याळ काका, तुम्ही सांगितलं तसं मी त्या रात्रीबद्दल बोलले. ती कितीतरी वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'मला वाटलं मला वेड लागलं आणि तुम्ही लपवताय.' अडीच महिने ती हे मनात घेऊन बसली होती आणि मी तिला वार विचारत होते. आम्ही दोघी रडलो, पण त्यानंतर तिचं ते एकटं बसून रडणं कमी झालं, डॉक्टरांनी तरी एका समुपदेशकांकडे पाठवलंय, जाते ती.

स्मृतीची चाचणी झाली, मोका नावाची, ३० पैकी असते आणि साधारण २६ किंवा त्याच्या वर ठीक धरतात. तिला २१. घड्याळाचं चित्र काढताना काटे चुकले. डॉक्टर म्हणाले आत्ताच नाव द्यायचं नाही, सहा महिने पूर्ण झाले की परत करू. मावळतीची ताई, तुमचं लिहिलेलं मी तिला दाखवलं नाही, पण कागदपत्रांचं बोलून घेतलं. तिने कप्पे बरोबर सांगितले, एक सोडून.

डोंगरवाट दादा, स्ट्रोकच्या खुणा कागदावर लिहून फोनजवळ चिकटवल्यात.

तळटीप:
आणि विणकाम?

कोवळंऊन:
नमुना अजून जमत नाही. पण तिनेच एक काढलं, दर दहा टाक्यांना सुईवर लाल दोऱ्याची गाठ अडकवते, म्हणजे मोजणी हुकली तर दहाच मोजायचे, पहिल्यापासून नाही. नुसती सुलट टाक्यांची पट्टी विणतेय, वीतभर झालीय. काल मी शेजारी बसले होते, रेडिओ चालू होता, ती म्हणाली तो बंद कर, मोजतेय मी.